मालमोटारीचा धूर काय सांगतो?

वैशाखाच्या ऐन उन्हांत आंबा घाट चढणारी मालमोटार आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. रत्नागिरीचा हापूस कोल्हापूरकडे नेणारा हा मार्ग. नुकतेंच इंजिन नव्यानें बांधून घेतलेली गाडी अशा चढावर धुराचे लोट सोडूं लागली, तर मालकाच्या मनाची काय अवस्था होत असेल? बोअर करून नवे पिस्टन घातले, त्यासाठीं कर्ज काढलें, आणि पेटींतला आंबा तर कोणासाठीं थांबत नाहीं! मग संतापाच्या भरांत इंजिन पुन्हां उघडण्याचा हुकूम सुटतो. परंतु धूर हा दोषाचा पत्ता सांगणारा दूत आहे. त्याचें म्हणणें आधीं ऐकावें व मग पाना हातीं घ्यावा, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

रूडॉल्फ डीझेल या जर्मन संशोधकानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनांत ठिणगीचें काम नाहीं. सिलिंडरांतील हवा सुमारें सोळा ते अठरा पट दाबली जाते, त्यामुळें ती ५०० अंशांहून अधिक तापते, व तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. म्हणजे पुरेशी हवा, बेताचें तेल, योग्य क्षण आणि पुरा दाब, या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. त्यांत उणीव राहिली, अथवा वंगण किंवा पाणी आंत शिरलें, कीं धूर दिसूं लागतो.

या धुराचे तीन रंग आपल्या स्वयंपाकघरांतहि आढळतात. हवा न मिळालेला स्टोव्ह काजळी धरतो, तो काळा धूर. कढईंतलें तेल फार तापलें कीं निळसर धूर उठतो. आणि बर्नर पुरता तापण्यापूर्वींच पंप मारला, तर रॉकेलची पांढरी वाफ डोळ्यांना झोंबते.

काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. आपल्याकडील जांभ्याची तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर चोंदविते. इंजिन नवें, पण फिल्टर जुनाच, असा प्रकार विरळा नव्हे. म्हणून प्रथम फिल्टर पाहावा, टर्बोची नळी सैल नाहीं ना तें पाहावें. त्यानंतर नोझल व पंप तपासावेत. गाडींत बेसुमार माल भरला असेल, तर मात्र इंजिनाला दोष देऊं नये.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळत आहे. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशीं जुळून येण्यास कांहीं काळ लागतो. आरंभीं थोडा निळा धूर आला व तो दिवसेंदिवस कमी होत गेला, तर घाबरूं नये. मात्र नवें इंजिन उभ्या गाडींत तासन् तास चालू ठेवणें घातक होय. त्यानें भिंतीला कांचेसारखी झिलई येते व रिंगा बसतच नाहींत. बेताच्या ओझ्यावर गाडी चालवावी. धूर चढावर वाढत असेल, तर संशय रिंगांवर घ्यावा. घाट उतरून पुन्हां वेग देतांना एकदम लोट आला, तर व्हॉल्व्ह गाईड किंवा टर्बोचें सील पाहावें. ऑईल खुणेच्या वर भरलेलें नाहीं, याचीहि खात्री करावी.

पांढऱ्या धुराची परीक्षा वासानें होते. थंड सकाळीं तो क्षणभर दिसणें स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरहि उग्र वास येऊन डोळे चुरचुरले, तर तें न जळलेलें डीझेल होय. इंजिन बांधतांना टायमिंग गिअरच्या खुणा एका दांत्यानें चुकल्या, किंवा दाब कमी पडला, तर असें घडतें. उग्र वास नाहीं, पण रेडिएटरचें पाणी घटत आहे, असें असल्यास हेड गॅसकेट फुटलें असावें, अथवा हेडला तडा गेला असावा. अशा वेळीं ऑईल दुधाळ दिसलें, तर गाडी हांकूंच नये. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणें तर कदापि नको.

म्हणून मालकानें एक साधी वही ठेवावी. धूर केव्हां आला, इंजिन थंड होतें कीं तापलेलें, चढ होता कीं उतार, ऑईल किती लागलें, हें तींत टिपावें. अशी नोंद समोर असली, म्हणजे चांगला मिस्त्री स्वस्त कारणांपासून आरंभ करून महाग कारणांपर्यंत जातो, व पुष्कळदां इंजिन उघडण्याची वेळच येत नाहीं.

धुराचा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डीझेलच्या धुराची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत लागू झालेल्या नियमांमुळें नव्या मालमोटारींना धूर गाळणारी योजना असते. पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. तेव्हां बंद शेडमध्यें इंजिन चालवून धूर पाहूं नये. परीक्षा उघड्यावरच करावी. कारण नळीपाशीं उभ्या असलेल्या पोरसवदा मदतनिसाचीं फुफ्फुसें कोणत्याहि कारखान्यांत नव्यानें बांधून मिळत नाहींत.