जुन्या मोटारींची जत्रा : फी कोणी भरायची?

श्रोतेहो, आपल्या गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड आठवा. मातीत उतरणाऱ्या पैलवानाकडून आपण पैसे घेतो का? उलट त्याला नारळ देतो, इनाम देतो. उद्या कोणी म्हणाले की पैलवानाने फी भरावी आणि बघणाऱ्यांनी फुकट बघावे, तर त्याला आपण वेड्यात काढू. पण जगात अशीही एक जत्रा भरते. ती जुन्या मोटारगाड्यांची. तिथे फी कोण भरतो आणि का, हे आज पाहू.

पहिला दाखला विलायतेचा. 1865 च्या कायद्याप्रमाणे तिथे इंजिनाच्या गाडीला खेड्यात ताशी 4 मैल आणि शहरात 2 मैल एवढीच मुभा होती, आणि गाडीपुढे एक माणूस पायी चालवावा लागे! 1896 साली ही अट गेली आणि वेग 14 मैलांपर्यंत वाढला. त्या आनंदात 14 नोव्हेंबर 1896 रोजी काही हौशी लोक आपल्या मोटारी घेऊन लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटनला गेले. त्याची आठवण म्हणून 1927 पासून तशीच फेरी निघू लागली. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, सूर्य उगवताना, हाइड पार्कमधून 1905 पूर्वी बनलेल्या गाड्या निघतात आणि सुमारे 60 मैल धापा टाकत जातात. ही शर्यत नव्हे बरे का. वेळेत पोचणे हीच फुशारकी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक दाटीने उभे असतात. त्यांना तिकीट नाही. फी भरतो तो गाडीवाला.

आता अमेरिकेत चला. कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे 1950 पासून मोटारींचे प्रदर्शन भरते. तिथे मालकाने अर्ज करायचा, गाडीचा इतिहास कळवायचा. मंडळी निवड करतात. निवड झाली हाच मोठा मान. इथे मात्र बघणाऱ्याला तिकीट आहे, आणि तेही शेकडो डॉलरांचे! उत्पन्नातून धर्मादाय कामांना मदत जाते.

असा फरक का? कारण अगदी साधे आहे : कुंपण. मैदानाला कुंपण घालता येते, दारावर माणूस बसवता येतो. साठ मैलांच्या रस्त्यावर तिकीट कुठे फाडणार? पण बंदोबस्त तर हवाच. मार्गावर माणसे उभी करावी लागतात, बंद पडलेली गाडी ओढून न्यावी लागते, विमा उतरवावा लागतो. हा खर्च मग येणाऱ्या गाडीवाल्यांत वाटला जातो. शिवाय ज्याने फी भरली तो सहसा येतो. नुसते "येतो हां" म्हणणाऱ्याचा काय भरवसा?

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. मालकाचा खर्च फीपाशी थांबत नाही. जुना सुटा भाग मिळत नाही म्हणून तो कारागिराकडून घडवून घ्यायचा, गाडी ट्रकवर चढवून आणायची, मिस्त्रीला बरोबर न्यायचे. त्यात फी भारी ठेवली, तर फक्त श्रीमंतांच्या गाड्या दिसतील. बापाची स्कूटर जिवापाड जपणारा सामान्य माणूस घरीच राहील, आणि बघणाऱ्याला वाटेल की पूर्वी रस्त्यावर राजेमहाराजेच फिरत होते!

आपल्या देशात तर हा प्रश्न आणखी नाजूक आहे. दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राने 1964 साली जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली. रेल्वे संग्रहालयातला 1914 चा आगीचा बंब तिच्यात धावला आहे. हा बंब मूळचा निजामाच्या रेल्वेचा. पुढे 2021 साली केंद्र सरकारने नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकीला 'व्ही ए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणे अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते.

म्हणजे काय झाले? अशा गाडीला मोकळा रस्ता मिळायचा तो मुख्यतः जत्रेच्या निमित्ताने. फीपायी ती जत्राही चुकली, तर गाडी छपराखालीच बसणार. आणि बसलेले इंजिन जाम होते, रबर वाळते, टाकी गंजते. म्हणून जाणते संयोजक मालकाची फी बेताची ठेवतात, आणि बाकीची तोंडमिळवणी तिकिटातून किंवा देणगीतून करतात.

शिक्षकबंधूंनो, हा हिशेब मोटारीपुरताच नाही. शाळेत जुन्या अवजारांचे प्रदर्शन भरवून पाहा. कोणाकडे मोट असेल, कोणाकडे पाभर, कोणाकडे आजीचे जाते. आणणाऱ्याकडून पैसे घेऊ नका. बैलगाडीचे भाडे मात्र वर्गणीतून द्या. वस्तूजवळ मालकाचे नाव लिहा आणि त्यालाच दोन शब्द बोलायला सांगा. वस्तू बघणारे पुष्कळ मिळतात. ती इतकी वर्षे जपणारा एखादाच असतो, आणि तो आला तरच जत्रा भरते.