चार खुर्च्यांचं कोर्ट

पहाटे ५.४०
म्हाळुंग्याच्या बाजूने कोर्ट सांभाळणाऱ्या मामांची स्कूटर येते. बालेवाडीच्या क्रीडासंकुलाच्या गेटवर पास दाखवायचा, गाडी भिंतीकडेला लावायची, की थेट कोर्ट. फेब्रुवारीतला, टेनिसच्या चॅलेंजर स्पर्धेचा आठवडा आहे. रात्रीचं दव अजून कोर्टावर आहे. हार्ड कोर्टावर एवढ्या ओलाव्यानेही पाय सटकतो. मामा स्पंजचा रोलर घेतात, बेसलाइनपासून सुरुवात करतात. स्पंज भरला की बादलीत पिळायचा, पुन्हा फिरवायचा. कोपरे मात्र वाकून फडक्याने पुसावे लागतात. मामांचं वय पन्नाशीच्या पुढे. कंबर बोलते, पण ते बोलत नाहीत.

सकाळी ७.१५
आता नेट. खांबाला हँडल लावून तार ताणायची. मधला पांढरा पट्टा ओढून जाळी खाली आणायची. मध्ये बरोबर तीन फूट, खांबाशी साडेतीन. मोजायला काठी आहे. पण मामा आधी तळहात ठेवून पाहतात, मग काठी लावतात. तार अर्धा फेरा जास्त गेली होती. हँडल उलटं फिरवतात, पट्टा पुन्हा ओढतात, पुन्हा काठी.

पहिले सामने सिंगल्सचे, म्हणून नेटखाली दोन स्टिका उभ्या करायच्या. कोर्ट डबल्सचं असतं, छत्तीस फूट रुंद. सिंगल्सला त्यातले सत्तावीस फूटच लागतात. मग सिंगल्सच्या रेषेबाहेर तीन फुटांवर एकेक स्टिक लावून जाळी तिथे साडेतीन फूट उचलायची. एवढा खटाटोप टीव्हीवर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

सकाळी १०.३०
सामने सुरू. मामा मागच्या भिंतीशी, सावली मिळेल तिथे. पोहे आठलाच झालेत.

दुपारी १.१५
जेवण आळीपाळीने. पोळी, भाजी, भात, डब्यातलं लोणचं. रोज सातशे रुपये, जेवण आयोजकांचं. रात्री नऊनंतर थांबलं तर शंभर वर. गेटबाहेरचा चहा स्वतःच्या पैशाने, तोही दिवसातून तीनदा. आठवडा संपला की मामा पुन्हा एका सोसायटीच्या क्लबात, दोन कोर्टं झाडायला. तिथे पगार महिन्याचा असतो आणि तोही उशिराने होतो.

दुपारी ३.५०
सिंगल्सचा दुसरा सामना संपला. पुढचे दोन डबल्सचे. हातात वेळ थोडा.

दोन्ही बाजूंच्या स्टिका काढून मामा बगलेत धरतात. जाळी किंचित खाली बसते. पुन्हा मोजणी. मधला पट्टा दोन बोटं सैल झालेला असतो, तो आवळतात. हाताखालचा पोरगा खुर्च्या आणतो. सिंगल्सला दोन पुरतात, इथे चार. छत्र्या चार, टॉवेल चौघांचे. बर्फाच्या पेटीत पाणी दुप्पट. घामाने मूठ निसटू नये म्हणून भुशाचा डबा, तोही दोन्हीकडे.

"मामा, प्रेक्षक तर निम्मे उठून गेले," पोरगा म्हणतो.

"जाऊ देत. खुर्ची सरळ लाव."

हे उठून जाणं मला पटत नाही. आपल्या माणसांनी टेनिसमध्ये जग जिंकलं ते बहुतेक डबल्समध्येच. १९९९ साली पेस-भूपतींनी फ्रेंच आणि विम्बल्डन घेतलं. २०२४ मध्ये रोहन बोपण्णाने त्रेचाळिसाव्या वर्षी एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं. याच बालेवाडीत तो २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमारबरोबर जिंकला. त्या दोन्ही वर्षी मामा इथेच होते. २०२२ ची फायनल त्यांना अजून पाठ आहे: पहिला सेट गेला, दुसरा घेतला आणि सुपर टायब्रेक १०-६.

दुपारी ४.२०
सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटजवळ वाकून उभा. हात पाठीमागे, बोटांनी खूण. मामा भिंतीशी उभे राहून ती खूण पाहतात. "आता हा उडी मारणार," ते पुटपुटतात. मारतोच.

ड्यूस झाला की एकच गुण; अ‍ॅडव्हान्टेज नाही. कोणत्या बाजूने घ्यायचं ते रिसीव्ह करणारे ठरवतात. चौघं दोन-दोनच्या गटात कुजबुजतात. रॅली छोट्या, पण एकेका फटक्यावर चौघांचे पाय हलतात. सात गेम झाले, चेंडू बदलले. वापरलेले क्रेटमध्ये, ते सरावाच्या कोर्टावर जातील. पुढचा बदल नऊ गेमनंतर.

संध्याकाळी ५.४५
एकेक सेट झाला. तिसरा नसतोच, दहा गुणांचा टायब्रेक. ९-७ असताना परतीचा फटका दोघांच्या मधून गेला. दोघांनाही वाटलं, दुसरा घेईल.

हरलेले दोघं शेजारी बसून बूट सोडतात. बक्षिसाची रक्कम दोघांत अर्धी व्हायची. एकाने फोनवर तिकीट बघायला घेतलंय. पुढच्या आठवड्यात जोडीदार हाच असेल की नाही, हे अजून ठरायचंय. जिंकलेल्यांतला एक तार तुटलेली रॅकेट घेऊन मामांकडे येतो.

"भैया, स्ट्रिंगर किधर बैठता है?"

"सीधा जाके लेफ्ट. जल्दी जाओ, उसके पास लाइन है."

संध्याकाळी ७.१०
दिव्यांखाली दुसरा सामना. अंधार पडला की दव पुन्हा उतरतं. बाजू बदलताना मामा मोठं फडकं घेऊन बेसलाइन पुसतात. खुर्चीतला पंच मान हलवतो, तेव्हाच बाजूला होतात.

रात्री ९.०५
सामना संपला. खुर्च्या तशाच ठेवायच्या, टॉवेल गोळा करायचे, बर्फाचं पाणी गटारात ओतायचं. नऊ वाजून गेलेत, म्हणजे वरचे शंभर. मुकादमाच्या वहीत वेळ लिहिली गेली की नाही, ते मामा वाकून बघतात.

उद्याचा कागद नोटीस बोर्डावर लागलाय. या कोर्टावर पहिला सामना साडेदहाला, डबल्सची उपांत्य फेरी.

"मग स्टिका कुठे ठेवू?" पोरगा विचारतो.

"खोलीत. दुपारपर्यंत लागणार नाहीत."