मानमोडीचा विषाणू आणि कुत्र्याची गाठ

कुत्रा चावला म्हणून एका इटालियन बाईला लस टोचली आणि तिच्या गर्भाशयमुखाची मोठी गाठ विरून गेली, असं डॉ. निकोला दे पाचे यांनी १९१२ साली छापलं. तेव्हाची रेबीजची लस पाश्चरच्या पद्धतीची होती. सशाच्या मज्जारज्जूत वाढवलेला, वाळवून दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू त्यात असे. त्याआधी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज डॉक यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका बाईची हकीकत लिहिली होती. फ्लूसारखा ताप येऊन गेला आणि तिचा आजार काही काळ ओसरला. फ्लूचा विषाणू सापडायला तेव्हा जवळपास तीस वर्षं बाकी होती. विषाणूंनी कर्करोगाशी लढायचं, या कल्पनेची सुरुवात अशा दोन-चार नोंदींतून झाली, आणि त्यातली एक कुत्र्याच्या चाव्यामुळे झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण आज हाच उपचार कुत्र्यांवर केला जातो आहे.

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावात विषाणूची ओळख लोकांना दवाखान्यातून होत नाही, ती खुराड्यातून होते. राणीखेत, आपल्याकडची मानमोडी, आली की कोंबड्या धापा टाकतात, हिरवट हगतात, मान वाकडी करून गोल फिरतात, आणि चार-पाच दिवसांत खुराडं रिकामं होतं. हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसल इथे नोंदला गेला, आणि पुढच्याच एक-दोन वर्षांत कुमाऊँतल्या राणीखेतला. म्हणून जग त्याला न्यूकॅसल म्हणतं आणि आपण राणीखेत. १९४०च्या दशकात मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेने या विषाणूचा एक मध्यम तीव्रतेचा वाण लशीसाठी तयार केला, तो आजही आर-टू-बी या नावाने कोंबड्यांना टोचतात. ही संस्था म्हणजे आजच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचंच जुनं ठिकाण. तिची सुरुवात १८८९ साली आपल्या पुण्यात झाली होती.

या कोंबड्यांच्या विषाणूचा आणि कर्करोगाचा संबंध जगासमोर आणण्यात एका कोंबडीपालकाचा मोठा वाटा आहे. १९७१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये लास्लो चाटारी या हंगेरियन डॉक्टरांनी एक छोटं पत्र छापलं. पोटाचा कर्करोग पसरलेल्या एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांना न्यूकॅसलची साथ लागली, आणि त्याच सुमाराला त्याचा आजार मागे हटला. एकट्या माणसाच्या हकिकतीवरून काही सिद्ध होत नाही, पण चाटारींनी त्या धाग्याचा पाठपुरावा सोडला नाही. अमेरिकेत अटलांटाला विल्यम कॅसल यांनी १९६५ मध्येच हाच विषाणू कर्करोगावर वापरून पाहिल्याचं लिहिलं होतं. कोंबड्या सांभाळणाऱ्या आपल्या जिल्ह्याने ही माणसं ओळखायला हवीत.

हा विषाणू माणसाला किंवा कुत्र्याला फारसं काही का करत नाही? कोंबड्या हाताळणाऱ्याचे डोळे काही दिवस लाल होतात, बस. विषाणू आत शिरला की सस्तन प्राण्याची निरोगी पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते, आणि विषाणूची वाढ तिथेच थांबते. कर्करोगाच्या पुष्कळ पेशींत हीच यंत्रणा मोडकी असते. बेसुमार वाढण्याच्या नादात त्या स्वतःचा पहारा गमावून बसतात. विषाणू तिथे मोकाट वाढतो, शेजारच्या पेशी एकमेकींना चिकटून मोठे पुंजके होतात, आणि फुटतात. फुटताना त्यांच्यातले पदार्थ बाहेर पडतात, ते शरीराच्या संरक्षक पेशींच्या नजरेला येतात, आणि मग विषाणू पोचला नाही तिथल्या गाठीवरही हल्ला होऊ शकतो. हा दुसरा टप्पा मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. विषाणू फार दिवस टिकत नाही, पण शिकलेली प्रतिकारशक्ती टिकू शकते.

मधली दशकं मात्र वाईट गेली. १९५०च्या दशकात अमेरिकेत वेस्ट नाईलपासून सर्दी-डोळे आणणाऱ्या अॅडिनोव्हायरसपर्यंत जे हाताला लागेल ते रुग्णांना टोचलं गेलं. गाठी थोडा काळ कमी झाल्या आणि पुन्हा वाढल्या, काहींच्या मेंदूला सूज आली. केमोथेरपी आली आणि ही वाट बंद पडल्यासारखी झाली. ती पुन्हा उघडली १९९१ मध्ये. रॉबर्ट मार्टुझा आणि सहकाऱ्यांनी नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूतला एक जनुक काढून टाकला आणि उंदरांमधल्या मेंदूच्या गाठीवर तो वापरला. विषाणूला लगाम घालता येतो हे तेव्हा कळलं. चीनने २००५ मध्ये, अमेरिकेने २०१५ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये माणसासाठी अशी औषधं मंजूर केली.

कुत्र्यांकडे संशोधक वळले ते दोन कारणांनी. एक, कुत्र्याला कर्करोग आपणहून होतो, आपल्याच घरात, आपल्याच धुरा-धुळीत. दुसरं, हाडाचा कर्करोग माणसापेक्षा मोठ्या जातीच्या कुत्र्यांत कितीतरी जास्त आढळतो, आणि पाय कापून केमोथेरपी दिली तरी बहुतेक कुत्री वर्षभराच्या आसपासच जगतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी गुरांच्या तोंडाला फोड आणणारा, पण इंटरफेरॉनचा जनुक जोडून सुधारलेला एक विषाणू शस्त्रक्रियेआधी शिरेतून दिला. दीर्घकाळ जगणाऱ्या कुत्र्यांचं प्रमाण वाढल्याचं त्यांनी नोंदवलं आहे. २०१२ मध्ये देवीच्या लशीतला विषाणू घेऊन कुत्र्यांच्या गाठींवर काम छापलं गेलं, आणि त्याच वर्षी या सगळ्या विषयाचा आढावाही. दोन्ही लेखांत पहिलं नाव आहे संदीप पाटील यांचं. मेक्सिकोच्या चमूने २०१६ मध्ये माणसाच्या आणि कुत्र्याच्या लसिका-कर्करोगाच्या पेशींवर न्यूकॅसलचाच विषाणू चालवून पाहिला. डिस्टेंपरच्या विषाणूवरही काम झालं, पण त्यात एक अडचण आहे. लस घेतलेल्या कुत्र्याच्या रक्तात डिस्टेंपरविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार असतात, ती औषधालाच अडवतात. राणीखेतविरुद्ध कुत्र्याच्या रक्तात सहसा असं काही नसतं.

आपल्या गावांतल्या कुत्र्यांना मात्र हाडाचा नाही, दुसराच कर्करोग जास्त छळतो. समागमातून लागणारी, जननेंद्रियावर फुलकोबीसारखी वाढणारी, रक्त गळणारी गाठ. ही गाठ म्हणजे जंतू नाही, एका कुत्र्याच्या पेशी दुसऱ्याच्या अंगात रुजतात. नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने १८७६ मध्ये ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात मुद्दाम रुजवून दाखवली होती. २०१९ मध्ये जगभरच्या ५४६ गाठींचे जनुक तपासल्यावर अंदाज निघाला की ती आशियात ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी एकाच कुत्र्यात सुरू झाली. यावर आज विन्क्रिस्टीन हे इंजेक्शन चालतं, ते सदाफुलीच्या झाडातून मिळतं. डॉक्टर पुढच्या पायाचे केस कापतात, तोंड नाडीने बांधायला सांगतात, आधी थोडं सलाईन सोडून शीर नीट चालते का पाहतात, कारण औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी सडते. "दादा, पाय सैल सोडू नका, हलला तर सुई जाईल." आठवड्याला एक, असं चार-सहा आठवडे. बहुतेक कुत्री बरी होतात. पण भटक्या कुत्र्याला सहा आठवडे तेच हात, तोच दिवस कोण देणार? मोकळ्या कुत्र्यांत उपचार अर्धे राहण्याचं कारण नेमकं हेच असतं. एक-दोन टोचण्यांत काम करणारा उपचार हवा, तो इथे.

इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी दोन वाटा धरल्या आहेत. एक, तोच आपला आर-टू-बी वाण जनुकबदल करून कर्करोगाच्या पेशींवर तपासणं. दुसरी, पार्वो. पिल्लांना रक्ताची हगवण लावून मारणारा हा विषाणू, त्याचं एनएस-वन हे एकच प्रथिन घेऊन त्यांनी उंदरांमधल्या स्तनाच्या गाठीवर वापरलं आणि गाठ आटल्याचं २०१६ मध्ये छापलं. नसबंदी न झालेल्या कुत्रींत स्तनाच्या गाठी फार आढळतात, त्यामुळे हे काम थेट आपल्या दारातलं आहे.

पण आपल्याच जिल्ह्याने एक धडा फार महागात शिकला आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा आधी राणीखेतचंच नाव पुढे केलं गेलं. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं, देशातला पहिला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. म्हणून न्यूकॅसलच्या विषाणूने करायच्या उपचाराचा विचार इथे करताना एक गोष्ट पहिल्यांदा सांगायला हवी. गाठीत विषाणू टोचलेला कुत्रा तोच विषाणू लाळेतून, मूत्रातून बाहेर टाकू शकतो, आणि आपला कुत्रा खुराड्याजवळच झोपतो. कोंबड्यांना लोळवणारा तीव्र वाण त्यासाठी चालणार नाही. लशीचे सौम्य वाण हवेत, आणि उपचाराचे दिवस कुत्रा बांधून, कोंबड्यांपासून लांब ठेवायला हवा. लासोटा या राणीखेतच्या लशीची बाटली घरी आणून गाठीत टोचणं तर मुळीच नको. त्या बाटलीतली मात्रा कोंबड्यांसाठी मोजलेली असते, कुत्र्याच्या गाठीसाठी नाही.

परळचं १८८६ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आणि नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ, दोन्हीकडे कुत्र्यांच्या गाठींची शस्त्रक्रिया होते. कापलेल्या गाठीचा तुकडा जपून ठेवणं, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणं आणि त्यांवर इज्जतनगरचा वाण तपासणं, एवढं इथेच सुरू करता येईल. त्यात नंदुरबारच्या गावातल्या, कुठल्या जातीच्या म्हणता न येणाऱ्या कुत्र्यांच्या गाठीही असल्या पाहिजेत, कारण आजवरच्या चाचण्यांत बहुतेक कुत्री परदेशातल्या घरांत पाळलेली होती.