अनोळखी माणूस आणि आपले गाव

मानसिक आरोग्याविषयी बोलायला मी गावोगाव जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. ‘वेडा माणूस कधी अंगावर धावून येईल याचा नेम नाही. मग त्याला बांधून ठेवले तर बिघडले कुठे?’ विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, भीती असते. आज या भीतीविषयीच थोडे बोलायचे आहे.

गंभीर मनोविकार असलेली बहुतेक माणसे हिंसक नसतात. उलट मार खाण्याची, लुबाडले जाण्याची पाळी त्यांच्यावरच अधिक येते. उपचार न मिळालेल्या किंवा व्यसनात अडकलेल्या काही रुग्णांच्या हातून हिंसा घडते, हेही खरे. पण त्यावर उपाय औषधोपचार हा आहे, साखळदंड नव्हे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण मरण पावले. साखळ्यांनी बांधलेले असल्याने त्यांना पळताही आले नाही.

मग उपचार का होत नाहीत? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या मनोविकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७० ते ९२ टक्के होते. यामागे केवळ अज्ञान नाही. वाडीवरच्या रुग्णाला मनोविकारतज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतो. एसटीचे भाडे, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी, पुन्हा महिन्याने तोच फेरा! थोडे बरे वाटले की गोळ्या बंद होतात आणि आजार उलटतो. असाच एखादा रुग्ण एके दिवशी घर सोडतो आणि दूरच्या मुलखात पोहोचतो. तिथली भाषा त्याला येत नाही, नाव-गाव सांगता येत नाही.

अशा माणसाकडे गाव कसे पाहते? अफवेच्या दिवसांत प्रत्येक परका माणूस चोर वाटतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मनोरुग्ण नव्हते. भिक्षुकीवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. बोलून आपली ओळख सांगू शकणारी माणसे जिथे वाचली नाहीत, तिथे स्वतःचे नावही न आठवणाऱ्याचे काय होईल?

कायद्याने याचे उत्तर दिले आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण भटकताना आढळल्यास त्याला संरक्षण देणे हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. घरच्यांचा शोधही घ्यावा लागतो. साखळीने बांधण्यास तर पूर्ण मनाई आहे.

उपचारांनंतर अशी माणसे घरी परततात, हे कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने दाखवून दिले आहे. रस्त्यावरच्या हजारो रुग्णांना आपल्या माणसांत पोहोचवणाऱ्या डॉ. भरत वाटवानी यांना २०१८मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपण काय करावे? अनोळखी माणूस गोंधळलेला दिसला तर भोवती गर्दी करू नये. एकानेच शांतपणे बोलावे, पाणी द्यावे, प्रश्नांची सरबत्ती टाळावी आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. मोबाइलवर आलेला संदेश खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नये. घरात कुणी आजारी असेल तर २०२२मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

आणखी एक. मारहाण घडून गेली की गाव गप्प होते. ज्यांनी ती पाहिली, विशेषतः मुलांनी, त्यांची झोप उडते, पण त्याविषयी कुणी बोलत नाही. शिक्षकांनी, आशाताईंनी, सरपंचांनी हे मौन मोडायला हवे. गुन्ह्याची चौकशी पोलीस करतील. पण बिथरलेल्या मनांची चौकशी गावालाच करावी लागेल.