ठोका, पण पाणी जोखून!

मांजलपूरकर मंडळी, एक क्विक क्विझ! चामड्यावर नक्षी उठवायला सगळ्यात जास्त काय लागतं? हातोडी म्हणालात? पहिल्याच बॉलवर आउट!

उत्तर आहे पाणी. ओल्या स्पंजने कातडं पुसायचं आणि मग चक्क थांबायचं. मूळ रंग परतू लागला, पण हाताला अजून गार लागतंय, की मारा ठसा. नक्षी गडद तपकिरी, खणखणीत उठते. घाई केलीत तर पुसट, उशीर केलात तर उमटतच नाही. थोडक्यात, चामड्याचंही पाणी जोखावं लागतं! बडोद्याच्या मे महिन्यात तर पंख्याखाली हा मुहूर्त बघता बघता टळतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: ओलं कातडं पिशवीत विसरलात की बुरशी हजर.

माहीत आहे का? सगळंच चामडं ठसा घेत नाही! जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, आणि त्या टप्प्यावर ते चक्क निळं दिसतं. मऊ, देखणं, पण ठशाच्या बाबतीत एकदम कोडगं. मारा, दाबा, थोड्या वेळाने पुन्हा सपाट!

ठसा धरून ठेवतं ते वनस्पतींनी कमावलेलं चामडं. म्हणजे? आपली कोल्हापुरी! हिरडा आणि बाभळीची साल यांत मुरलेलं कातडं, शिवायला चामड्याचीच वादी, खिळा औषधालाही नाही. 2019 मध्ये तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्राचे 4 आणि कर्नाटकचे 4 अशा 8 जिल्ह्यांना मिळून. आणि जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तशाच चपला उतरवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता! बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने मूळ कुठलं ते कबूल केलं. वहाण आमची, शान त्यांची. हे काही बरोबर नाही, बुवा.

आता चामड्यावरचं क्विल्टिंग, म्हणजे गोधडीसारख्या फुगीर चौकटी. शनेलची ती जगप्रसिद्ध चौकटींची पर्स आठवतेय? फेब्रुवारी 1955 मध्ये आली, म्हणून नाव 2.55. चौकटी कसल्या, शंकरपाळ्याच त्या!

पण गंमत पुढे आहे. ठशांच्या कामात हा फुगीरपणा निव्वळ हातचलाखी असतो. आत ना फोम, ना कापूस! जाड चामड्यावर तिरक्या रेषा आखायच्या, फिरत्या पात्याच्या चाकूने वरवर चिरायच्या, मग प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजू उतरत्या ठशाने दाबत जायच्या. कडा खाली गेल्या की मधला भाग आपोआप फुगलेला दिसतो. रेषा जिथे छेदतात तिथे एक गोल टिकली ठोकली की झाली गादी तयार. एकच सावधगिरी: ठोकून ठोकून चामडं पसरतं आणि चौकटी वाकड्या होतात. म्हणून काम सुरू करण्याआधी मागच्या बाजूला खोक्यांची चिकटपट्टी लावून टाका. स्वस्त आणि मस्त!

खरंखुरं, फोम भरून शिवलेलं क्विल्टिंग त्याहून निष्ठुर. कापडावर चुकलेला टाका उसवता येतो. चामड्यावर सुईचं भोक पडलं की कायमचं. म्हणून तिथे टाचण्या बंद, चिमटे चालू.

अजून एक विचित्र हिशोब. चामड्याची जाडी मोजतात चक्क औंसात! 1 औंस म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटर. वजनाचं माप जाडीला, कुणाला काही पडलेली नाही.

बसलात ना? नसाल तर बसा. 1919 मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट वर्थमध्ये बुटांचं चामडं विकणारी टँडी ही कंपनी सुरू झाली. पुढे तिचा जम बसला तो छंदिष्टांना हत्यारं आणि ठसे विकण्यात. 1963 मध्ये तिने रेडिओशॅक ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची साखळी विकत घेतली आणि 1977 मध्ये टीआरएस-80 हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. त्या नावातला ‘टी’ म्हणजे टँडी. चामड्यापासून चिपपर्यंत!

आणि हाताचं काम शिकायला परदेश कशाला? सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये बडोद्यात कलाभवन काढलं, ते असल्याच हुन्नरांसाठी. तिथे शिकून गेलेला एक विद्यार्थी तुम्हाला ठाऊक आहे: दादासाहेब फाळके! आज तीच संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे.

घरी सुरुवात करायचीय? ग्रॅनाइटचा टाकाऊ तुकडा खाली घ्या, लोखंडी हातोडीऐवजी नायलॉनची किंवा लाकडी मोगरी आणा. ठसे महाग वाटले तर मोठ्या बोल्टचं डोकं कानशीने घासून स्वतःच नक्षी पाडा. मकरपुरा जीआयडीसी शेजारीच आहे, बोल्टांना काय तोटा! फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुपारी 1 ते 4 ठोकाठोक बंद. बडोद्याची वामकुक्षी मोडणाऱ्याला सोसायटीत माफी नाही.

आणि दुकानात चामडं घेताना बोटाने पाण्याचा एक थेंब टेकवून बघा. थेंब आत मुरून डाग गडद झाला तर माल बहुधा ठशाचा. नुसता वर बसून राहिला तर पुढचं दुकान. फक्त आधी दुकानदाराला विचारा हं!