नवा राउटर आणि लाल दिवा

फायबरचा पांढरा डबा भिंतीवर बसतो, जोडणारा माणूस चहा पिऊन निघून जातो, आणि संध्याकाळी पाहावे तर इंटरनेट नाही. कर्जत-खालापूरच्या गावांत हल्ली हे गाऱ्हाणे वरचेवर ऐकू येते. पीक विम्याची मुदत उद्या संपायची असते, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो, सातबारा काढायचा असतो, आणि सारे त्या डब्यापाशी अडून बसते. मग घरातले धाकटे चिरंजीव टाचणी घेऊन डब्यामागच्या बारीक भोकात खुपसू लागतात. त्यांना आधी थांबवा. कारण पुढे सांगतो.

राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या कर्जतकरांना ही गोष्ट समजायला सोपी आहे. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेले पाणी नाल्याने शेतापर्यंत येते. खाचरात पाणी आले नाही तर तुम्ही आपलाच बांध खणत बसता का? आधी वर जाऊन नाल्याला पाणी आहे का पाहता, मग पाट पाहता, आणि शेवटी आपले दारे. इंटरनेटचेही तसेच आहे. पाणी कुठवर आले आहे हे सांगायला त्या डब्यावर दिवे ठेवलेले आहेत. ते वाचता आले की निम्मे काम झाले.

पण या नाल्यातून वाहते काय? तर प्रकाश. तारेच्या आत एक काचेचा धागा असतो, जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी. प्रकाश त्याच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. पंजाबातील मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनला हॉपकिन्स या आपल्या प्राध्यापकांबरोबर काचेच्या धाग्यांच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवून दाखवले होते. अशा धाग्यातून दूरवर संदेश धाडता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे ग्रामपंचायतींपर्यंत ही तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव पडले. घरोघर तार आणली ती मात्र मोठ्या कंपन्यांनी आणि गावच्या केबलवाल्यांनी. मुख्य धागा एकच असतो. खांबावरच्या पेटीत त्याचे फाटे फुटतात आणि एका धाग्यावर ३२ किंवा ६४ घरे चालतात. म्हणून पहिला प्रश्न शेजाऱ्याला विचारा, ‘तुमचे चालू आहे का?’ त्याचेही बंद असेल तर दोष बहुधा वर कुठेतरी आहे. अलीकडे रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी आला होता का, हेही पाहा.

आता दिवे. ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर तुमच्या डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. पासवर्ड बदलून येथे काही उपयोग नाही. तार पाहा. कपाटामागे दाबली आहे का, खिळ्याला करकचून बांधली आहे का, की कोणी उरलेली तार दाव्यासारखी घट्ट गुंडाळून ठेवली आहे? काचेचा धागा फार वाकला की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नये. डब्यात शिरणारे टोक ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसले आहे ना, तेही पाहा. त्या टोकाचा रंग बहुधा हिरवा असतो. हिरव्या टोकाची काच आठ अंशांनी तिरकी घासलेली असते, निळ्याची तशी नसते. त्यामुळे हिरवे टोक निळ्या खोबणीत बसवले तर प्रकाश वाया जातो. घाईत आलेला माणूस अशी जोडणी करून गेल्याची उदाहरणे आहेत.

ते टोक धोतराच्या सोग्याने किंवा पदराने पुसू नका. प्रकाश जाण्याची वाट जेमतेम नऊ मायक्रॉनची, म्हणजे मळणीच्या धुळीचा एक कण ती बुजवू शकतो. आणि टोकात डोळा लावून पाहू तर अजिबात नका. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. तुटलेल्या तारेतून काचेचे कूस निघते, तेव्हा लहान मुलांना दूर ठेवा.

‘पॉन’चा हिरवा दिवा नुसताच लुकलुकत राहिला आणि एलओएस विझलेला असेल, तर पाणी दाऱ्यापर्यंत आले आहे, पण दारे धरणारा तुम्हांला ओळखत नाही! नव्या डब्याच्या बाबतीत हे फार होते. प्रत्येक डब्याच्या पाठीवर एक क्रमांक चिकटवलेला असतो. कंपनीच्या यंत्रात त्याची नोंद झाल्याशिवाय तो चालत नाही. म्हणूनच मेहुण्याच्या घरचा जुना डबा आणून लावला तर चालत नाही. फोन करून तो क्रमांक सांगा आणि नोंद झाली का ते विचारा.

पॉन स्थिर हिरवा, पण ‘इंटरनेट’चा दिवा लाल किंवा विझलेला असेल, तर बहुतेक वेळा कंपनीने दिलेले नाव व पासवर्ड डब्यात चुकीचे भरले आहेत, किंवा भरलेलेच नाहीत. आता त्या टाचणीचे सांगतो. भोकातले ते बटण दाबून धरले की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो, आणि हे नाव-पासवर्ड पुसले जातात. लहान बिघाड मोठा होतो, आणि माणूस येईपर्यंत आठवडा जातो. डबा नुसता बंद करून चालू करायचा तर प्लग काढा, दोन मिनिटे थांबा, पुन्हा लावा. दिवे स्थिर व्हायलाही काही मिनिटे लागतात. तेवढा धीर धरा.

बाजारातून वेगळा राउटर आणला असेल तर आणखी एक गोम आहे. साध्या राउटरला काचेच्या तारेचे भोकच नसते. फायबर डब्यातच राहते आणि डब्याच्या ‘लॅन’मधून साधी तार राउटरच्या ‘वॅन’मध्ये जाते. ती ‘लॅन’मध्ये खुपसली की घोटाळा होतो. कधी दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असा एकच निघतो. मग राउटरचा पत्ता बदलावा लागतो.

आपल्याकडच्या पावसात काळजी जास्त घ्यावी लागते. तार घरात शिरते तेथे भोकाच्या खाली थोडी लोंबती ठेवा, म्हणजे पाणी तारेवरून आत न येता खाली ठिबकेल. काचेतून वीज वाहत नाही. पण तार तोलून धरायला बाहेरून बहुधा पोलादी तार असते आणि डब्याचा प्लग घरच्या विजेवर असतो. कडकडाट सुरू झाला की प्लग काढलेला बरा. वीज वारंवार जात असेल तर डब्यासाठी बॅटरीची लहान पेटी मिळते. ती घेताना डब्याच्या अडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचून घ्या. बहुतेकांवर १२ असतात.

जोडणारा माणूस येईल तेव्हा त्याच्याकडून एक गोष्ट जरूर मागून घ्या. त्याच्याजवळ प्रकाश मोजण्याचे यंत्र असते. त्यावर उणे आकडा येतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असला तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला तर जोडणी धड टिकत नाही. आज उणे १९ असलेला आकडा गणपतीत उणे २६ झाला, तर तार कुठेतरी दाबली किंवा जोड बिघडला असे त्यालाच दाखवून देता येते.

तक्रार केल्यावर तिचा क्रमांक मागा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तो देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि समाधान झाले नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. हा क्रमांक, डब्याच्या पाठीवरचा क्रमांक, नाव-पासवर्ड आणि तो उणे आकडा, चारही एका कागदावर तारखेसह लिहा आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून द्या.