कातळावरची फुलबाग

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला एखादी सर येऊन गेली की पुढे मृगापर्यंत आभाळ कोरडं. एवढा पाऊस होऊनही एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, वाड्यांवर टँकर येतात. कारण पायाखाली जांभा आहे. लाखो वर्षं उन्हापावसात झिजलेल्या खडकातली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, त्यातून हा लाल दगड तयार झाला. त्याच्यावरची माती कुठे वीतभर, कुठे बोटभर. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, तर तीही नाही. पडलेलं पाणी भेगांतून आणि पऱ्ह्यांतून समुद्राची वाट धरतं.

अशा ठिकाणी उघड्या उन्हात फुलबाग करायची तर झाडाला दोन टोकांची हवा सोसता आली पाहिजे. कमी पाण्यावर येणारी, वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं शोधताना बहुतेक जण फक्त मे महिन्याचा विचार करतात. इथे जुलैचाही करावा लागतो. भूमध्य समुद्राकाठची लॅव्हेंडर कोरडेपणा सहज सोसते, पण तिच्या मुलखात पाऊस थंडीत पडतो. आपल्या उबदार, चिंब जुलैत तिची मुळं कुजतात. परदेशी पुस्तकांतल्या किंवा घाटमाथ्यापलीकडच्या रोपवाटिकांतल्या याद्या कोकणात फसतात त्या इथेच.

सदाफुली हे याचं अगदी अंगणातलं उदाहरण. मूळची मादागास्करची ही फुलझाडी भिंतीच्या फटीतही उगवते आणि भर उन्हात बारमाही फुलते. तिच्या पानांतलं विनब्लास्टिन हे द्रव्य १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी वेगळं काढलं. ते आणि तिच्यातच सापडलेलं विनक्रिस्टिन ही दोन्ही आज कर्करोगावरची महत्त्वाची औषधं आहेत. पण सदाफुलीच्या बुंध्याशी पाणी साचलं की बुरशी लागते आणि हिरवंगार दिसणारं झुडूप बघता बघता मान टाकतं. ती हवी असेल तर चिऱ्याच्या उंच वाफ्यात लावावी.

मग दोन्ही टोकं सोसणारी झाडं कुठे पाहायची? सड्यावर. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी ही नावं आता कातळशिल्पांमुळे सर्वांना ठाऊक झाली आहेत. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. ज्या कातळावर माणसाने हत्ती आणि मासे कोरले, त्याच्या भेगांमध्ये वनस्पतींचं एक दांडगं कुळ नांदतं आहे, आणि माझ्या मते ते त्या शिल्पांइतकंच जपण्याजोगं आहे. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले दोन अधिकारी, अलेक्झांडर गिब्सन आणि निकोल डालझेल, यांनी १८६१ मध्ये ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोकणच्या कितीतरी वनस्पतींची पहिली शास्त्रीय वर्णनं डालझेल यांच्या नावावर आहेत.

हिवाळा सरता सरता सड्यावर गेलं तर सगळं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. अशा वेळी नेमका भुईगेंद फुललेला दिसतो. जमिनीला चिकटलेले काटेरी, लोकरीसारखे गोल गेंद आणि त्यांतून डोकावणारी, जांभळट ठिपक्यांची चिमुकली फिकट फुलं. पानं नावापुरती. वर हिरवं जवळजवळ काही उरलेलं नसताना जमिनीखालचा लाकडासारखा टणक गड्डा हा सगळा संसार चालवतो. त्याच सड्याच्या कडेला अंजनीची झुडपं असतात. पानं चिवट, तकतकीत, बारमाही हिरवी. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या जुन्या फांद्यांवरच निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस लगडतात, तेव्हा फांदीचं लाकूड दिसेनासं होतं. एवढा देखणा निळा रंग, तोही पाण्याच्या थेंबाशिवाय, दुसरं कोणतं झुडूप देत असेल असं मला वाटत नाही. तरी ती बागांमध्ये क्वचितच दिसते, याचं वाईट वाटतं.

रस्त्याच्या कापलेल्या दरडीवर, जिथे काहीच धरत नाही तिथे, धायटी धरते. जानेवारीपासून तिच्या कमानदार फांद्या लाल नळीदार फुलांनी भरतात आणि शिंजीर दिवसभर तिथून हलत नाहीत. ही वाळलेली फुलं आसवं आणि अरिष्टं आंबवायला वैद्य शतकानुशतकं वापरत आले आहेत. चौथी सोबतीण पेंटगुळ, काही ठिकाणी पिटकुळी. लाल झुपक्यांची ही झुडी कोकणात रानातही आहे आणि देवळाच्या आवारातही. तिला आंबट, लोहयुक्त माती मानवते, आणि जांभ्याची माती नेमकी तशीच असते. पण तीच पेंटगुळ सिमेंटच्या जोत्याला खेटून लावली की पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि समोर असलेलं लोह मुळांना उचलता येत नाही. खत वाढवून उपयोग नाही, जागा बदलावी.

बाहेरून येऊन इथलीच झालेली झाडंही आहेत, आणि त्यांची पाणी राखण्याची रीत एकेकाची वेगळी. कण्हेरीचं पान उलटं करून भिंगाखाली धरा. पाठीवर बारीक खळगे दिसतील आणि त्या खळग्यांत केसांची दाटी. पानाची श्वास घेण्याची छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, या खळग्यांच्या तळाशी असतात. वारा वरून निघून जातो, आत अडकलेली दमट हवा तशीच राहते आणि पानातलं पाणी सावकाश उडतं. खाऱ्या वाऱ्यातही कण्हेर टिकते, म्हणून समुद्राकडच्या कुंपणाला ती उत्तम. मात्र तिचा कण न् कण विषारी आहे; गुरं, लहान मुलं जिथे वावरतात तिथे ती लावू नये.

खुरचाफ्याने याच्या अगदी उलटा मार्ग धरला आहे. मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचं हे झाड उन्हाळ्यात पानंच टाकून देतं. जाड, दुधाळ फांद्यांत पाणी साठवून नागड्या टोकांवर फुलं काढतं. त्याचा गंध रात्री वाढतो, कारण तो पतंगांसाठी असतो. पतंग येतात, एका फुलातून दुसऱ्या फुलात सोंड घालतात, परागीभवन होतं. पण मध मिळत नाही, फुलात मध नसतोच.

सर्वांत नवलाची गोष्ट पानफुटीची. हिवाळ्यात उंच दांड्यावर हिरवट-तांबूस घंटांसारखी फुलं लोंबवणारी ही वनस्पती कोकणात परसापरसांत आहे. मद्रास इलाख्यात काम करणारा बेंजामिन हाइने नावाचा मूळचा जर्मन वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तिची पानं चावून पाहत असे. त्याच्या ध्यानात आलं की सकाळी पान चांगलंच आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि १८१५ मध्ये ते छापून आलं. त्या आंबटपणाचा उलगडा व्हायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी पाणी गमावतात. पानफुटी दिवसा रंध्रं मिटून घेते. रात्री हवा गार झाली की ती उघडते, कार्बन डायऑक्साइड घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवते. उजाडल्यावर बंद दाराआड त्याच साठ्यातून साखर तयार होते, आम्ल संपत जातं, चव उतरते. कोरफड आणि निवडुंगही असंच करतात. जगभर शिकवली जाणारी ही प्रक्रिया हिंदुस्थानातल्या एका पानाच्या चवीवरून जाणवली, ही मला विज्ञानातली फार सुंदर घटना वाटते.

बोगनवेलीबद्दल थोडक्यात. ब्राझीलची ही वेल पाणी दिल्यावर पानं काढते आणि तहानेने फुलते. मार्चमध्ये तिला रोज पाणी घालून ‘फुलं का येत नाहीत’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पाणी तोडा, काही आठवड्यांत रंग दिसेल. रंगीत दिसतात ती फुलं नसून पुष्पकोशाभोवतीची पानं आहेत. खरं फूल आतली बारीक पांढरी नळी.

लावणीच्या बाबतीत काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. कातळात आंबा लावायला सुरुंगाने खड्डे फोडून बाहेरची माती भरण्याची पद्धत रत्नागिरीत जुनीच आहे. फुलझाडांना एवढं लागत नाही. पण खड्डा एका बाजूने फोडून पाण्याला वाट ठेवली नाही, तर तो जुलैत हौद होतो आणि झाड बुडून मरतं. खड्ड्याच्या तळाशी चिऱ्याचे तुकडे टाकावेत, झाड मातीच्या उंचवट्यावर बसवावं. लावणी पहिल्या पावसानंतर जमीन भिजली की करावी, म्हणजे मुळांना रुजायला चार महिने मिळतात. चाफ्याची फांदी मात्र उन्हाळ्यातच तोडून, चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवून मग लावावी. पाऊस संपताच, जमीन ओली असतानाच, बुंध्याभोवती पालापाचोळा आणि नारळाची सोडणं पसरावीत. सोडणं मातीत पुरायची असतील तर पोकळ बाजू वर करावी. ती पाणी धरून ठेवतात. पहिला उन्हाळा आठवड्याला एकदा, पण भरपूर पाणी द्यावं. रोज थोडं थोडं शिंपडल्याने मुळं वरच राहतात आणि पुढच्या वर्षी ती होरपळतात. भाट्याकडे किंवा मांडवीकडे अगदी पुळणीला लागून घर असेल तर मर्यादवेल राखावी. जांभळी फुलं येतात आणि वाळू जागेवर राहते.

सड्यावरून झाडं उपटून आणू नयेत. पाऊस सुरू होताच कातळावरच्या मूठभर मातीतून पांढऱ्या फुलांचे दांडे वर काढणारी दीपकाडी कोकण आणि गोव्याचे सडे सोडून जगात कुठेही आढळत नाही. चिरेखाणींनी आधीच तिची जागा आक्रसत चालली आहे. अंजनी, धायटी, पेंटगुळ बियांनी किंवा छाटकलमाने येतात. त्यासाठी मूळ झाड हलवावं लागत नाही.

कंदवर्गातली फुलं हवीतच असतील तर कळलावी रोपवाटिकेतून घ्यावी. ती कोरडा काळ जमिनीखाली झोपून काढते, जूनमध्ये उगवते, श्रावणात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळून जाते. तिचा कंद ठिसूळ असतो, डोळ्याकडचं टोक मोडलं तर त्यातून अंकुर येत नाही. तो विषारीही आहे, हाताळल्यावर हात धुवावेत. वेल वाळल्यावर तिच्या जागी एक काठी रोवून ठेवावी, म्हणजे उन्हाळ्यात खणताना कंदावर कुदळ पडणार नाही.